१९७५ची प्रीमियर पद्मिनी: सिल, तळाचा पत्रा आणि दारांचे पत्रे कुठून मिळवावेत, कसे बसवावेत?

देवरुखची_लेक · ११ नोव्हेंबर

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९७५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेली अकरा वर्षे देवरुखजवळच्या आमच्या घरामागे, तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये उभी होती. या दिवाळीत ती ट्रकवर चढवून मी पुण्याला आणली. इंजिन जाम झालेले नाही आणि स्टिअरिंगखालच्या दांड्याने गिअर अजूनही नीट पडतात, त्यामुळे यांत्रिक बाजूची मला फारशी काळजी वाटत नाही. प्रश्न पत्र्याचा आहे.

बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन मी एक अख्खा रविवार गाडीखाली घालवला. दोन्ही बाजूंचे दाराखालचे सिल (गॅरेजवाले याला रनिंग बोर्ड म्हणतात) जवळजवळ पूर्ण लांबीभर पोकळ झाले आहेत. चालकाच्या पायाखालचा पत्रा तळहाताएवढा गेला आहे. डाव्या पुढच्या आणि उजव्या मागच्या दाराचा खालचा चार इंचांचा पट्टा पापडासारखा मोडतो, आणि डिकीच्या तळाला मागच्या कडेला भोके पडली आहेत. डावा पुढचा मडगार्ड वरून चांगला दिसतो, पण त्यावर चुंबक ठरत नाही.

एका गॅरेजने जुन्या सिलवरूनच जस्ताचा पत्रा वाकवून वेल्ड करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने भंगारात गेलेल्या टॅक्सीचे सगळे पत्रे आणून ‘एकदाच काय ते उरकून टाकू’ असे सांगितले. दोघांचेही बोलणे आत्मविश्वासाचे होते, म्हणून इथे विचारते आहे. पत्रे शोधावेत कुठे, बनवून घ्यावेत का, आणि बसवण्याचा योग्य क्रम कोणता?

पत्र्याचा_माणूस · ११ नोव्हेंबर

ताई, भोसरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये माझी ३१ वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर तीन जुन्या गाड्या घरच्या अंगणात उभ्या केल्या. त्या अनुभवावर लिहितो.

पद्मिनीचा वंश १९५३ साली आलेल्या फियाट ११००–१०३ या गाडीचा आहे, आणि त्या गाडीपासूनच तिला वेगळी चासी नाही. जीपमध्ये खाली चौकट असते आणि वरचा टब, म्हणजे बॉडी, बोल्टने बसतो, त्यामुळे टबचा पत्रा सडला तरी गाडी वाकत नाही. पद्मिनीत तळ, सिल, पिलर आणि छप्पर हे सगळे मिळून गाडीचा सांगाडा होतो. सिल म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी नव्हे. दारांसाठी ठेवलेल्या मोठ्या खिंडारांमुळे गाडी मधोमध कमकुवत होते आणि तो कमकुवतपणा भरून काढणारी तुळई म्हणजे हा सिल. त्यामुळे जुन्या सिलवर नवा पत्रा चढवणे हे वाळवी लागलेल्या वाशावर सनमायका लावण्यासारखे आहे. बाहेरून गाडी छान दिसेल, पण आत ओलावा कोंडून राहील आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही आतून खाल्ला जाईल.

जस्ताच्या पत्र्याबद्दलही सांगतो. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, सुमारे ९०० अंशांना जस्ताची वाफ होते. त्यामुळे वेल्ड छिद्राळ येतो आणि तो पांढरा धूर श्वासात गेला की संध्याकाळी वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. सिलसाठी साधा सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला, जस्त नसलेला पोलादी पत्रा घ्यावा. जिथे खोल वळण आहे तिथे आयएस ५१३ या भारतीय मानकातला ‘डीडी’ किंवा ‘ईडीडी’ प्रतीचा पत्रा मागावा, कारण साधा ‘डी’ प्रतीचा पत्रा अशा वळणावर तडकतो. जाडी कुणालाही विचारू नका. तुमच्या गाडीचा जिथला पत्रा शाबूत आहे तिथला रंग खरवडून मायक्रोमीटरने मोजा. बाहेरच्या पत्र्याला बहुधा २० गेज, म्हणजे ०.९ मि.मी.च्या आसपास, आणि आतल्या मजबुतीच्या पट्ट्यांना त्याहून जाड पत्रा लागेल.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. पत्रे शोधायला निघण्यापूर्वी गाडीची मापे घ्या. गाडी सपाट फरशीवर चारही चाकांवर उभी करा, चारही दारे बंद करा आणि प्रत्येक फट वर, मध्ये आणि खाली मोजून कागदावर लिहा. मग दारे उघडून प्रत्येक खिंडाराचे दोन्ही कर्ण मोजा. गाडीखालच्या ठळक बिंदूंवरून, म्हणजे सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तिथून, ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा आणि त्या खुणांमधली अंतरे घ्या. एक दिवस जाईल. पण गाडी कापल्यानंतर ती मुळात कशी होती हे सांगणारा दुसरा साक्षीदार तुमच्याकडे नसेल.

कुर्ल्याचा_बापू · १२ नोव्हेंबर

माझे बालपण कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावण्यात गेले, म्हणून या धाग्यात न लिहिता राहवले नाही. पत्रे मिळण्याच्या बाजूने लिहितो.

मुंबईत पद्मिनीचे पत्रे एके काळी मुबलक होते, कारण हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्स्या याच गाडीच्या होत्या. टॅक्सीला वयाची मर्यादा आधी २५ वर्षांची आली आणि २०१३ साली ती २० वर्षांवर आली, तेव्हा भंगाराच्या वखारींत पद्मिनीची दारे अक्षरशः थप्प्या लावून ठेवलेली असत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत बरेच हळवे लेख आले. आपल्यासारख्यांसाठी त्या दिवसाचा अर्थ एवढाच की नवा माल येण्याचा झरा आटला. आता जे आहे ते वखारींच्या मागच्या रांगेत आहे.

कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोरबाजाराच्या आसपासच्या गल्ल्या आणि ऑपेरा हाउसची सुट्या भागांची दुकाने, अशा क्रमाने फिरा. ऑपेरा हाउसला पत्रे कमी मिळतात, पण रबर, क्लिपा आणि दारांच्या कड्या मिळतात. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चक्कर टाकायला हरकत नाही. मात्र तिथे अख्खे दार मिळण्यापेक्षा हँडल, काचेची यंत्रणा आणि दिव्यांच्या कडा मिळण्याची शक्यता जास्त आहे. दुकानदाराला ‘पद्मिनीचे दार आहे का’ असे विचारू नका, कारण उत्तर ‘नाही’ असेच येते. आत जाऊन स्वतः पाहण्याची परवानगी मागा आणि हातात मापाची फीत ठेवा.

टॅक्सीचा पत्रा घेताना तो कुठून झिजलेला असतो ते ओळखावे लागते. जुना यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या बाजूला काचेच्या पुढे बसवलेला असे, म्हणून टॅक्सीच्या डाव्या मडगार्डला त्याच्या बोल्टची भोके आणि त्या भोकांभोवती पसरलेला गंज हमखास सापडतो. छपरावरच्या कॅरियरमुळे पन्हळ चेपलेली असते. सीएनजीची टाकी डिकीत बसवताना तळाला आरपार बोल्ट मारलेले असतात, त्यामुळे टॅक्सीच्या डिकीचा तळ फुकट मिळाला तरी घेऊ नका. टॅक्सीची बॉनेट आणि आतल्या चौकटी मात्र पुष्कळदा खासगी गाडीपेक्षा बऱ्या निघतात, कारण टॅक्सी रोज चालते आणि तिच्यात पाणी साचून राहत नाही.

तोरिनोकर · १३ नोव्हेंबर

मी गेली नऊ वर्षे इटलीत तोरिनोला आहे. या गाडीचे माहेरच हे, म्हणून दोन शब्द.

इथे ११०० डी ही गाडी १९६२ ते १९६६ या काळात बनली आणि आपली डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी ही साखळी तिच्यातूनच निघाली. इटलीत आजही ११०० गाड्यांचे हौशी मालक आहेत आणि त्यांच्यासाठी तळाचे पत्रे, सिल, चाकावरच्या कमानींचे तुकडे नव्याने बनवून विकले जातात. पण ‘पद्मिनी’ या नावाने शोधल्यास काहीही हाती लागणार नाही. ‘लामिएराती’ म्हणजे पत्र्याचे भाग, ‘सोत्तोपोर्ता’ म्हणजे दाराखालचा सिल, ‘फोंदो’ म्हणजे तळ, आणि मडगार्डला ‘पाराफांगो’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ चिखल अडवणारा असाच आहे. हे शब्द रोमन लिपीत लिहून ‘११००–१०३’ आणि ‘११०० डी’ असे दोन्ही प्रकार शोधा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बोलोन्याला जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, जी २०२३पूर्वी पादोवाला भरत असे. तिथे अशा पत्र्यांचे ढीग मी स्वतः पाहिले आहेत.

मागवण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. इथल्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे. सिल आणि मागचा तळ यांना त्याने फरक पडत नाही, पण पेडलजवळचा तळ आणि इंजिनमागची भिंत यांची भोके उलट बाजूला येतात. दुसरे असे की कुर्ल्याला ही गाडी इटलीपेक्षा तीन दशके जास्त बनत राहिली आणि त्या काळात बारीकसारीक बदल झाले. त्यामुळे इटलीचा भाग थेट बसेल असे न समजता तो जवळपास बसणारा भाग समजावा आणि कडा जुळवण्याची तयारी ठेवावी. लांब सिलचा पोस्टाचा खर्चही मोठा येतो. माझे मत विचाराल तर सिल भारतातच वाकवून घ्यावा आणि ज्याला खोल वळण आहे असाच भाग इथून मागवावा.

देवरुखची_लेक · २३ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. ओळंबा शेजारच्या गवंड्याकडून उसना आणला. तो ‘भिंत कुठली?’ म्हणून विचारत होता.

डाव्या मडगार्डवरची लांबी (खड्डे भरायची पुटी) खरवडली तेव्हा चाकाच्या कमानीपाशी ती जवळजवळ एक सेंटिमीटर जाड निघाली, आणि खाली पितळी डागाने जोडलेला डब्याचा पत्रा होता! हे काम कुणी आणि कधी केले असेल, याचा घरात कुणालाही पत्ता नाही.

आता नवा प्रश्न. मिरजेजवळ एका शेतात १९८०च्या दशकातली एक पद्मिनी पडून आहे. मालक ती पूर्ण गाडी वजनावर द्यायला तयार आहे, आणि तिचे सिल व तळ माझ्या गाडीपेक्षा पुष्कळच बरे दिसतात. काही मित्र म्हणतात की माझ्या गाडीचे इंजिन आणि नंबर तिच्यात घालून मोकळी हो. हे कितपत बरोबर आहे?

कागदी_घोडा · २३ नोव्हेंबर

ताई, हे अजिबात करू नका. वर काकांनी सांगितलेच आहे की या गाडीला वेगळी चासी नाही. चासी क्रमांक ज्या सांगाड्यावर आहे तो सांगाडा म्हणजेच कायद्याच्या नजरेत तुमची गाडी. एका गाडीचा क्रमांक कापून दुसरीवर लावणे हा गुन्हा आहे, मग दोन्ही गाड्या तुमच्या मालकीच्या असल्या तरी. मिरजेची गाडी सुट्या भागांसाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण मालकाकडून लेखी विक्रीपत्र घ्या आणि तिची नोंदणी रीतसर रद्द करून मगच तिला करवत लावा.

आणखी एक बाब तुमच्या उपयोगाची आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, म्हणजे चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. सडलेला सिल काढून त्याच आकाराचा सिल बसवणे ही दुरुस्ती ठरते, दारांची रचना बदलणे हा फेरबदल ठरतो. म्हणून प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि पत्र्याच्या पावत्या जपून ठेवा. व्हीए पट्टी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नेता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच नेता येते, हेही आधी लक्षात घ्या. दर रविवारी मंडईला न्यायची असेल तर साधी नोंदणीच नूतनीकृत करत राहावी. आणि रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

पत्र्याचा_माणूस · २४ नोव्हेंबर

मिरजेची गाडी घ्याच. पण तिचा सिल अख्खा काढून तुमच्या गाडीला लावण्याच्या मोहात पडू नका. चाळीस वर्षांचा सिल बाहेरून बरा दिसला तरी आतून कसा आहे हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे कारखान्यातले वेल्डचे ठिपके) फोडून तो काढताना निम्मी कड फाटतेच. त्या गाडीचा खरा उपयोग नमुना म्हणून आहे. तिचा सिल आडवा कापा, त्याचा छेद पुठ्ठ्यावर उतरवा आणि वाकवण्याच्या यंत्रावर तसेच दोन नवे करून घ्या. दारांचे खालचे पट्टे मात्र तिचेच कापून घ्या, कारण दाराचे वळण हाताने साधणे फार कठीण आहे.

माझा एकच आग्रह आहे. जेवढे सडले तेवढेच काढा, आणि चांगला पत्रा लागेपर्यंत दोन बोटे पुढे जा, त्यापलीकडे नको. तुमच्या दाराचा वरचा तीन चतुर्थांश पत्रा १९७५ साली कारखान्यात त्या गाडीवर, त्या बिजागरीवर जुळवलेला आहे. अख्खे परके दार लावलेत तर फटी जुळवण्यात महिना जाईल.

क्रम असा ठेवावा. आधी बॅटरी, पेट्रोलची टाकी, सीट, गालिचा आणि तळाला चिकटवलेले डांबरी थर बाहेर काढावेत, कारण डांबर पेटते आणि आतल्या आत धुमसते. काचांवर ओले गोणपाट टाकावे, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत कायमच्या रुततात. मग दार काढून त्याच्या खिंडारात २५ मि.मी.चा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका असा पक्का डागावा. पाइप बसल्यावर कर्ण पुन्हा मोजावेत. गाडीचे वजन चाकांवर किंवा सस्पेन्शनखालच्या स्टँडवर असावे, सिलखाली जॅक लावून नव्हे, कारण जो सिल तुम्ही कापणार आहात त्याच्यावरच गाडी तोलली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. एका वेळी एकच बाजू घ्यावी. डावी बाजू पूर्ण वेल्ड होऊन दार नीट लागते हे पाहिल्याशिवाय उजवीला हात लावू नये.

स्पॉट वेल्ड फोडायला स्पॉट कटर वापरावा आणि वरचाच पत्रा फोडावा. नव्या पत्र्याच्या कडेला ५ ते ६ मि.मी.ची भोके पाडून त्यांतून खालच्या पत्र्याला डाग भरावा, म्हणजे कारखान्याच्या स्पॉटसारखीच जोडणी होते. दोन पत्रे एकमेकांना जिथे झाकतात, त्या आतल्या बाजूंना जस्तयुक्त वेल्ड प्रायमर आधीच लावावा. नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

उद्यमनगरी · २५ नोव्हेंबर

काकांचा मान राखून एका गोष्टीवर असहमत होतो. मी कोल्हापूरचा, घरात तीन पिढ्या पत्र्याचे काम आहे. सिलला सीओटू वेल्डिंग (तारेचे विजेवरचे वेल्डिंग) ठीक आहे. पण दाराच्या बाहेरच्या पत्र्याला, जिथे दोन पत्रे कडेला कड लावून जोडायचे आहेत, तिथे आमच्याकडे अजून गॅसच चालते. सीओटूचा डाग कडक येतो. तो ठोकला तर बाजूचा मऊ पत्रा ताणतो, डाग मात्र जागचा हलत नाही. शेवटी ग्राइंडरने घासून पत्रा पातळ होतो आणि वर लांबी येते. गॅसचा सांधा मऊ असतो, त्यामुळे मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) लावून हातोडीने तो पसरवता येतो आणि सांधा पत्र्यात विरून जातो. आमच्या आजोबांचे असे सांधे लांबीशिवाय रंगले आहेत.

पत्र्याचा_माणूस · २५ नोव्हेंबर

तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे आणि मी ते मान्य करतो. अडचण एवढीच की गॅसची उष्णता रुंद पसरते, आणि दाराच्या सपाट भागावर हात बसलेला नसेल तर अख्खा पत्रा कढईसारखा टपटपू लागतो. तुमच्या आजोबांचा हात ताईंच्या डेंटरकडे आहे का, हा खरा प्रश्न आहे. नसेल तर ०.६ मि.मी.ची तार, तीन-चार सेंटिमीटर अंतरावर एकेक टिंब, एक इथे तर पुढचे दूर तिथे, आणि मध्ये पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबणे, हा मार्ग कमी धोक्याचा आहे. ओल्या फडक्याने घाईघाईत थंड करू नये. सांधा दाराच्या सपाट मध्यावर न घेता खालच्या घडीच्या जवळ घ्यावा, कारण तिथे पत्र्याला मुळातच वळणाची ताकद असते.

उद्यमनगरी · २६ नोव्हेंबर

सांध्याच्या जागेबद्दल शंभर टक्के सहमत. आणि हात असलेला माणूस हवा असेल तर गाडीचे दार एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला पाठवा, ताई. चहा आमच्याकडून.

देवरुखची_लेक · १९ जानेवारी

बरेच दिवस लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे जे घडले ते सुखाचे नव्हते.

मिरजेची गाडी घेतली, तिची नोंदणी रद्द केली, सिलचा छेद उतरवून १.२ आणि ०.९ मि.मी.च्या पत्र्यांत नवे भाग वाकवून घेतले. इथपर्यंत सगळे नीट झाले. मी काम ज्या गॅरेजला दिले होते, तिथे एका दुपारी मी कार्यालयात असताना कारागिराने पाइपचा आधार न डागताच डावा सिल पूर्ण कापला. त्याला वाटले, दार तर काढलेलेच आहे, मग आधार कशाला? संध्याकाळी मी दार हातात धरून लावून पाहिले तर मागच्या वरच्या कोपऱ्यातली ५ मि.मी.ची फट जेमतेम दीड मि.मी. उरली होती. खिंडाराचा एक कर्ण सहा मि.मी.नी चुकला होता. गाडी मधोमध बसली होती.

त्या रात्री काकांना फोन केला. त्यांच्या सूचनेनुसार मधल्या पिलरच्या बुडाशी जाड फळी ठेवली, तिच्याखाली जॅक लावला आणि तो पाव-पाव फेऱ्याने वर घेत प्रत्येक वेळी कर्ण मोजला. नोव्हेंबरमधल्या कागदावरचा आकडा जुळला तेव्हा थांबलो, आधार डागला, एक रात्र गाडी तशीच ठेवली आणि सकाळी पुन्हा मोजले. आकडा हलला नव्हता. तो कागद नसता तर नवा सिल चुकलेल्या गाडीवर वेल्ड होऊन ती चूक कायमची झाली असती.

उजवी बाजू मी रजा टाकून, समोर बसून करून घेतली.

पत्र्याचा_माणूस · १९ जानेवारी

आता रंगाची घाई करू नका. पुढचे काम कंटाळवाणे आहे आणि त्यामुळेच बहुतेक जण ते टाळतात. वेल्डच्या जागा घासून एपॉक्सी प्रायमर द्या, सर्व सांध्यांवर सीम सीलर भरा, आणि रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत लवचीक नळीने पातळ मेण फवारा. मेण वेल्डिंगच्या आधी नाही, रंगाच्याही आधी नाही. सिलच्या आणि दाराच्या तळाला पाणी निघून जाण्याची जी भोके मूळ गाडीत होती ती नव्या पत्र्यातही पाडली आहेत ना, हे आजच पाहा. सीलर भरताना उत्साहात तीच भोके बुजवलेली मी कितीदा पाहिली आहेत.

कुर्ल्याचा_बापू · २० जानेवारी

आणि गालिच्याखाली काथ्याचा किंवा तरटाचा थर पुन्हा घालू नका. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी त्या थरात महिनोन् महिने टिकते. चालकाच्या पायाखालचाच पत्रा आधी का जातो, याचे निम्मे उत्तर तिथे आहे. उरलेले निम्मे उत्तर म्हणजे पावसाळ्यातल्या ओल्या चपला.

देवरुखची_लेक · २ मार्च

आजची स्थिती कळवते. दोन्ही सिल, चालकाच्या बाजूचा तळ आणि डिकीचा मागचा पट्टा पूर्ण झाला. डावे पुढचे दार खरोखरच एसटीने कोल्हापूरला गेले आणि आठ दिवसांनी परत आले. गॅसनेच जोडले आहे, सांधा कुठे आहे हे मला बोटांनीही कळत नाही. डाव्या मडगार्डचा खालचा भाग मिरजेच्या गाडीचा कापून बसवला. तीनही दारांच्या फटी नोव्हेंबरच्या कागदाशी एक मि.मी.च्या आत जुळतात.

काल बागेच्या नळीने तासभर पाणी मारून पाहिले. आत मागच्या डाव्या पायापाशी ओल आली. सांध्यांवर खडूची भुकटी पसरून पुन्हा पाणी मारले तेव्हा कळले की वायर जाण्याच्या एका जुन्या भोकाला रबराची गुंडीच बसवायची राहिली होती.

डॅशबोर्डमागे मूळ रंग सापडला. आम्ही लहानपणापासून ज्या गाडीला पांढरी समजत होतो, ती कारखान्यातून फिकट निळी निघालेली आहे. आई म्हणते, ‘मला आठवतेय, पण तुम्ही कधी विचारलेच नाही.’ आरसीवर मात्र पांढराच रंग आहे, तेव्हा कागदी_घोडा यांना लवकरच त्रास देईन.

राहिले ते उजवे मागचे दार. मिरजेच्या गाडीचे तेच दार नेमके आतून गेलेले निघाले. कुणाच्या पाहण्यात असल्यास कळवावे.

कुर्ल्याचा_बापू · ४ मार्च

सापडले. मुंबईच्या टॅक्सीत प्रवासी बहुधा डावीकडूनच चढतात-उतरतात, म्हणून उजवे मागचे दार कमी आपटलेले असते, हे डोक्यात ठेवून सीएसटी रोडच्या एका वखारीत मागची रांग पाहिली. दार अर्थात काळे आहे. बिजागरीत खेळ नाही, खालची घडी पूर्ण आहे आणि चुंबक सगळीकडे चिकटतो. दुकानदाराला रविवारपर्यंत बाजूला ठेवायला सांगितले आहे. येताना तुमच्या दाराच्या खालच्या पट्ट्याचा कागदी साचा आणि मापाची फीत घेऊन या.